हरवलेला टोला

मित्रांनो, वस्तू हरवली की आपण काय करतो? दप्तर उलटं करतो, पलंगाखाली डोकावतो, धाकट्या भावावर आळ घेतो. पण एखाद्याचा टोलाच हरवला तर? तो कुठं शोधायचा?

हसू नका. आमच्या विट्याच्या कडेला असलेल्या शाळेत गेल्या वर्षी असंच झालं.

आमच्या पटांगणाच्या एका टोकाला जुनी चिंच आहे. विटी-दांडूची गल आहे दुसऱ्या टोकाला. गलीपासून चिंचेपर्यंतचं अंतर मुलांनी दांडूनं मोजून ठेवलंय, बरोबर पंचावन्न दांडू. दांडू दोन फुटांचा. म्हणजे किती मीटर झाले ते तुम्हीच काढा. सहावीतल्या एका मुलाचा टोला या चिंचेच्या पल्याड पडायचा. साठ दांडू, कधी बासष्टसुद्धा! मधल्या सुट्टीत त्याचा डाव आला की चौथीची पोरं डबे तसेच टाकून पळत यायची.

आणि ज्या चिंचेच्या पल्याड त्याचा टोला जायचा, त्याच चिंचेवरून तो मे महिन्यात पडला. चिंचा कधीच संपल्या होत्या, तरी हे महाशय वर का चढले होते, हे कोडं अजून सुटलेलं नाही. उजव्या हाताचं कोपर मोडलं. प्लास्टर, मग हात वाकवण्याचे व्यायाम, मग डॉक्टरांची परवानगी, असं करत दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यानं पुन्हा दांडू हातात घेतला. विटी उडवली, टोला हाणला. मुलांनी दांडू टाकत मोजलं.

अठ्ठावीस.

दुसऱ्या दिवशी तीस. तिसऱ्या दिवशी पंचवीस. "गुरुजी, लई जोर लावतो, तरी जाईना," तो म्हणाला. मी काय सांगावं? मी म्हणालो, "अजून जोर लाव!" मित्रांनो, गुरुजीसुद्धा चुकतात. हा सल्ला शंभर टक्के चुकीचा होता. त्यानं अजून जोर लावला आणि टोला आला बावीसवर. त्यानंतर तो मधल्या सुट्टीत वर्गातच बसू लागला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "गृहपाठ राहिलाय." ज्या मुलाचा गृहपाठ एरवी कायमच राहिलेला असतो, त्यानं असं म्हणावं, तेव्हाच मला काळजी वाटली.

वाट दाखवली ती वर्गातल्याच दुसऱ्या एका मुलानं. आमच्या खानापूर तालुक्यातली आणि शेजारच्या आटपाडीतली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामात, देशभर पसरली आहेत. या मुलाचे वडील दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात असतात. त्यामुळे तो चौथीपर्यंत तिकडेच शिकला. तो म्हणाला, "गुरुजी, तिकडं आमच्या घरामागं गोल्फचं मैदान होतं. एक मास्तर लोकांना नुसतं कंबर फिरवायला शिकवायचा. चेंडूच ठेवायचा नाही!"

चेंडूच नाही? मग शिकवायचं काय?

त्या रात्रीपासून मी गोल्फ वाचू लागलो, पाहू लागलो. आता तुम्ही म्हणाल, गोल्फ हा मोठ्या लोकांचा खेळ, त्याचा आणि आपल्या विटीचा काय संबंध? मैदान मोठं लागतं आणि गवताला पाणी लागतं, हे खरंच. आमच्यासारख्या दुष्काळी भागात एवढं पाणी गवताला घालायचं म्हटलं तर आजोबा मंडळी काठी घेऊन मागे लागतील. पण हा खेळ खेळणारे सगळेच बंगल्यातले नसतात. खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणाऱ्याला कॅडी म्हणतात. कॅडीचं काम करता करता शिकलेला अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला.

खेळ तसा सोपा. जमिनीवरचा लहानसा चेंडू काठीनं मारत मारत लांबच्या एका खळग्यात घालायचा, तोही कमीत कमी फटक्यांत. काठीला म्हणायचं क्लब. पहिला लांब टोला म्हणजे ड्राइव्ह आणि तो मारायचा क्लब म्हणजे ड्रायव्हर. मोटार चालवणारा नव्हे, बरं का! नावाजलेले पुरुष खेळाडू या टोल्यात चेंडू पावणेतीनशे मीटरच्या आसपास नेतात. आमच्या दांडूनं मोजलं तर साडेचारशे दांडू! एवढ्यात तर शाळा, रस्ता आणि पलीकडचा ओढाही पार झाला असता.

आता गंमत पाहा. या टोल्यात क्लबचं डोकं ताशी १८० किलोमीटरच्याही पुढे जातं. ते चेंडूला किती वेळ टेकलेलं असतं? सेकंदाचे दोन हजार भाग करा आणि त्यातला एक घ्या. संपलं! चेंडू निघाला, तोही ताशी २७० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे क्लबपेक्षाही जास्त वेगानं. कारण क्लबचं डोकं साधारण दोनशे ग्रॅमचं आणि चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा. जड वस्तू हलक्या वस्तूवर आदळली की हलकी टुणकन पुढे पळते. दांडू जड, विटी हलकी. इथेही तोच हिशेब.

म्हणजे टेकण्याच्या त्या क्षणी जोर लावायला वेळच नसतो. जे काही करायचं ते त्याआधी झालेलं असावं लागतं. तेव्हा दांडूचं टोक वेगात असलं पाहिजे, एवढंच. आणि हा वेग हातातून येत नाही! खोटं वाटतं? मग एक प्रयोग करा. खुर्चीवर बसून चेंडू शक्य तितका लांब फेका. मग उभं राहून, एक पाय पुढे टाकून फेका. हात तोच, चेंडू तोच. अंतर मात्र बदललं ना? ते जास्तीचं अंतर तुमच्या पायांनी आणि कमरेनं दिलं.

गोल्फच्या चांगल्या टोल्यात आधी पाय जमीन रेटतात, मग कंबर वळते, तिच्या मागून खांदे, खांद्यांमागून हात आणि सगळ्यात शेवटी क्लब. एकेक भाग आपलं काम करून मंदावतो आणि वेग पुढच्याच्या हवाली करतो. पोतराजाचा आसूड पाहिलाय ना? त्याचा हात काही फार जोरात फिरत नाही. पण ती लाट दोरीतून पुढे सरकत शेवटच्या बारीक टोकापर्यंत पोचते, तेव्हा टोकाचा वेग आवाजाच्या वेगाहूनही जास्त झालेला असतो. तो 'फाट्' आवाज त्याचाच. हातानं घाई करून टोक आधीच पुढे ढकललं, तर आसूड नुसता लोंबकळेल.

आता शरीर वळलंच नाही तर काय होतं, त्याचं सगळ्यात भारी उदाहरण थेट चंद्रावर आहे. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ मधून अ‍ॅलन शेपर्ड हा अंतराळवीर चंद्रावर उतरला. दगडमाती गोळा करण्याच्या अवजाराच्या दांड्याला गोल्फच्या क्लबचं डोकं बसवून त्यानं तिथं चेंडू मारले. चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या भागाएवढं. हवा नाही, अडवणारं कुणी नाही. चेंडू कोसभर तरी जायला हवा! शेपर्डही गमतीनं म्हणाला होता की चेंडू मैलोगणती गेला. पण पन्नास वर्षांनी, २०२१ मध्ये, तिथली जुनी छायाचित्रं बारकाईनं तपासून अंतर मोजण्यात आलं. दोन चेंडूंची अंतरं निघाली सुमारे २२ मीटर आणि ३७ मीटर. का बरं? अंगावरचा पोशाख इतका ताठ आणि फुगीर होता की त्याला खांदे वळवता येईनात. दोन्ही हातांनी क्लबही धरता येईना. एका हातानं त्यानं नुसतं ढकलल्यासारखं मारलं.

३७ मीटर म्हणजे किती दांडू? मी वर्गात हे गणित घातलं. उत्तर आलं, साधारण एकसष्ट. वर्गात एकदम शांतता. मग मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे चंद्राएवढा टोला आपल्या गड्याचा होता की!"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला एकट्याला पटांगणावर नेलं आणि त्याचा टोला मोबाइलवर टिपून संथ गतीनं दोघांनी पाहिला. पालकांनो, मोबाइलचा असाही एक उपयोग असतो. पडद्यावर जे दिसलं ते पाहून तोच म्हणाला, "गुरुजी, हात भ्यालाय माझा." अगदी खरं होतं. कोपर बरगड्यांना चिकटवलेलं. दांडू असा आवळून धरलेला की बोटं पांढरी पडलेली. पाय जमिनीत पुरल्यासारखे. अंगाचा सगळा भार मागच्या पायावर. शिवाय विटीला दांडू लागण्याआधीच नजर चिंचेकडे गेलेली. हाड जुळलं होतं, कोपर पूर्ण वाकत होतं, डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. पण दुखरा हात जपायची जी सवय लागली होती, ती प्लास्टरबरोबर निघाली नव्हती. थोडक्यात, त्यानं शेपर्डचाच पोशाख चढवला होता, फक्त तो दिसत नव्हता.

मग आम्ही त्या दाक्षिणात्य मास्तरासारखं केलं. विटी खिशात घातली.

सुरुवात मुठीपासून. तुम्हीही करून पाहा. पेन्सिल मुठीत जिवाच्या आकांतानं आवळा आणि मनगट फिरवा. फिरत नाही ना? आता पाखराचं पिल्लू धरावं तशी धरा. किती मोकळं फिरतं! दांडू सुटून जाऊ नये एवढीच पकड ठेवायची. मग नुसतं वळणं. दांडू खांद्यावर आडवा धरून पाठ चिंचेकडे होईपर्यंत वळायचं आणि मग पोट चिंचेकडे येईपर्यंत. वळताना भार मागच्या पायावर, परत येताना पुढच्या पायावर. मागची टाच शेवटी आपोआप उचलली गेली पाहिजे. पहिले आठ दिवस आम्ही एवढंच केलं. बाकीची मुलं म्हणायची, "गुरुजी त्याला नाच शिकवायलेत!"

त्यानंतर छडी. घाबरू नका! शाळांतून छडी कधीच हद्दपार झाली, पण निरगुडीची एक बारीक काठी मी मुद्दाम आणली. गोल्फ शिकणारे क्लब उलटा धरून असंच करतात. काठी जोरात फिरवली की 'सूंऽऽ' आवाज येतो. तो नेमका कुठं येतो ते ऐकायचं. त्याचा आवाज यायचा मागे, उजव्या खांद्याजवळ. म्हणजे सगळा वेग विटीपर्यंत पोचण्याआधीच खर्ची पडत होता! हातांनी घाई केली की असं होतं. आवाज विटीच्या जागेच्या किंचित पुढे आला पाहिजे. हे त्याला काही केल्या जमेना. चार दिवस गेले, सहा गेले. एके दिवशी त्यानं काठी फेकून दिली आणि म्हणाला, "माझं काय व्हनार न्हाई आता."

त्या दिवशी आम्ही सराव केला नाही. पारावर बसून दोन माणसांच्या गोष्टी बोललो. त्या तुम्हालाही सांगतो.

एक आहे बंगळूरची अदिती अशोक. २०२१ च्या उन्हाळ्यात तिला कोरोना झाला आणि अंगातली शक्ती गेली. आधीच तिचा टोला फार लांबचा नव्हता, तो आणखी आखूड झाला. तशाच अवस्थेत ऑगस्टमध्ये ती टोकियो ऑलिंपिकला गेली. कॅडी कोण? तिची आई! तिथं तिचा ड्राइव्ह सगळ्यांत आखूड जाणाऱ्यांमध्ये होता. इतर मुलींचा चेंडू तिच्या कितीतरी पुढे पडायचा. पण खळग्याजवळचे हलके, नेमके फटके तिनं असे मारले की जगातल्या क्रमवारीत दोनशेव्या क्रमांकावरची ही मुलगी चौथी आली. कांस्यपदक हुकलं ते एका फटक्यानं. फक्त एका!

दुसरा तर आपल्या शेजारचा. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी. शाळेत असताना अपघात झाला, गँगरीन झालं आणि डावा हात कायमचा दुबळा झाला. सचिन शिकून मेकॅनिकल इंजिनिअर झाला. मैदानावर त्यानं आधी भालाफेक धरली होती, पण खांदा दुखावला. हातातला भाला सुटला. मग त्यानं गोळा उचलला आणि वेगळी फेक पहिल्यापासून शिकून घेतली. गोळाफेकीतही दांडूचाच नियम. ताकद पायांतून निघते आणि हात शेवटी येतो. २०२३ मध्ये तो पॅरिसला जागतिक विजेता झाला, २०२४ मध्ये जपानमधल्या कोबे इथं पुन्हा झाला. ४ सप्टेंबर २०२४ ला पॅरिसच्याच पॅरालिंपिकमध्ये त्यानं १६.३२ मीटर गोळा फेकला आणि रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण मिळवणाऱ्या कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टची फेक होती १६.३८ मीटर. अंतर सहा सेंटीमीटर. तुमच्या पट्टीवर पाहा सहा सेंटीमीटर म्हणजे केवढं ते.

"त्यांचा हात बरा झाला का मग?" त्यानं विचारलं.

"नाही."

तो काही बोलला नाही. उठला, काठी शोधून आणली आणि दप्तरात खोचून घरी गेला.

खरा उलगडा केला त्याच्या आजोबांनी, आणि तोही शाळेत नाही, घरामागच्या परसात. आजोबा लाकडं फोडत होते. वयाची सत्तरी उलटलेली, तरी कुऱ्हाड अशी पडायची की ढलपी दोन हात लांब उडायची. यानं कुऱ्हाड मागून घेतली आणि दात-ओठ खाऊन घाव घातला. कुऱ्हाड लाकडात रुतून बसली. आजोबा म्हणाले, "आरं, कुऱ्हाडीला फोडू दे की लाकूड. तू मधी कशाला येतुयास?"

गोल्फवर मी पानंच्या पानं वाचली होती, पण इतकं सुटसुटीत कुणी लिहिलेलं आढळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेआधीच तो आला. "गुरुजी, ऐका." काठी फिरवली. 'सूंऽऽ' पुढे आला होता! अगदी डाव्या पायासमोर. चेहरा असा की जणू शिष्यवृत्तीचा निकाल लागलाय.

मग विटी खिशातून बाहेर काढली. इथे गोल्फ आणि विटी यांत फरक पडतो, तो सांगायलाच हवा. गोल्फचा चेंडू मुकाट्यानं बसून राहतो, विटी हवेत गिरक्या घेत असते. त्यामुळे नजर तिच्यावरून हलता कामा नये. दांडूचा नेमका कुठला भाग लागतो हे कळायला आम्ही दांडूला ओल्या खडूचा लेप दिला. गोल्फवालेही क्लबच्या तोंडावर पावडर लावून असंच पाहतात. लेप वाळल्यावर टोला मारला की विटी लागते तिथला खडू निघतो. याचा खडू निघायचा मधोमध किंवा मुठीजवळ. दांडूच्या टोकाला वेग जास्त, पण अगदी टोकाला लागली तर विटी भलतीकडे भिरभिरते. टोकापासून चार-पाच बोटं अलीकडे लागली की हाताला झिणझिण्या येत नाहीत आणि 'टण्' असा स्वच्छ आवाज होतो. ती जागा प्रत्येकानं आपापल्या दांडूवर शोधायची.

टोला एकदम वाढला नाही. पस्तीस झाला, मग पुन्हा तीस. मग बरेच दिवस चाळीस-बेचाळीसवर अडकला. मी रोजची आकडेवारी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला लागलो होतो, ती त्यानंच पुसायला लावली. म्हणाला, "आकडा बघितला की हात आवळतोय." मला ते पटलं. मोजणं बंद केलं.

(एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. विटी डोळ्याला लागली तर डोळा जाऊ शकतो. टोला मारणाऱ्याच्या समोर जवळ कुणीही उभं राहायचं नाही, मागेही दांडू पोचणार नाही इतकं लांब राहायचं. आमच्याकडे लहान वर्गांना पाराच्या अलीकडे यायला बंदी आहे. आणि हाड मोडलेलं असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय दांडूला हात लावायचा नाही. पालकांनी हे वाचून दाखवावं.)

संक्रांत झाली. तिळगुळाच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मोठा डाव रंगला होता. हा आता वर्गात बसत नव्हता, हे सांगायला नकोच. त्याची पाळी आली. त्यानं विटी गलीवर ठेवली, टोकावर दांडू टेकवून उडवली. विटी कमरेएवढी वर आली. पाय वळले, कंबर वळली, मग खांदे. सगळं अगदी सावकाश झाल्यासारखं दिसलं. आणि 'टण्'!

विटी उंच गेली. चिंचेच्या दिशेनं निघाली. सगळ्यांच्या माना वर. ती चिंचेच्या शेंड्याजवळ पोचली, पानांत शिरली... आणि खाली आलीच नाही.

मग जे भांडण सुरू झालं, काय सांगू! पंचावन्न दांडूंवर तर चिंचेचा बुंधा, आणि विटी अडकलीय पलीकडच्या फांदीत. एक गट म्हणाला, अडकली नसती तर सत्तर गेली असती, चंद्राचा विक्रम मोडला. दुसरा म्हणाला, जमिनीला टेकलीच नाही, मोजायची कशी? गलाईवाल्यांचा मुलगा म्हणाला, गोल्फमध्ये चेंडू झाडात अडकला तर दंडाचा एक फटका मोजतात. त्यावर त्यालाच सगळ्यांनी गप्प बसवलं. निकाल द्यायला माझ्याकडे आले. मी म्हणालो, घंटा झाली, वर्गात चला.

विटी अजून तिथंच आहे. वाऱ्याला पानं हलली की दिसते. ती काढायला झाडावर कोण चढणार, असा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी एकाच मुलाकडे पाहिलं. तो दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "मी न्हाई बाबा." चार दिवसांनी आजोबांनी बाभळीची नवी विटी तासून पाठवली.